‘ढ’ या अक्षराविषयी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा आजी फोनवर सहज म्हणाली की तुझा बाबा गणितात अगदी ‘ढ’ होता, आणि तू मला विचारलेस, ‘‘त्या अक्षराने असे काय केले, की त्याच्या नावाने मुलांना हिणवावे?’’ तो प्रश्न मनातून जात नाही, म्हणून लिहितो आहे.

आमच्या लहानपणी हा शब्द घरीदारी चाले. काका, आत्या सगळेच तो मायेने वापरत; वर्गात मात्र तपासलेली वही परत देताना सर्वांसमक्ष तो उच्चारला गेला, की मान वर करवत नसे. अशाच एका संध्याकाळी आजोबांनी पाटीवर अशोकाच्या काळची ब्राह्मी अक्षरे काढून दाखवली. त्यांतला ‘क’ बेरजेच्या चिन्हासारखा होता, ‘ग’ उतरत्या छपरासारखा, आणि ‘ढ’ मात्र जवळजवळ आजच्यासारखाच. दोन हजारांहून अधिक वर्षांत बाकीची अक्षरे बदलत गेली, हे एकटे होते तिथेच राहिले, म्हणून पुढे न सरकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणू लागले, असे त्यांनी सांगितले. इतके जुने अक्षर आपल्या वाट्याला आले, याचा मला तेव्हा चक्क अभिमान वाटला होता.

आज मात्र त्या कथेविषयी शंका येते. ब्राह्मी लिपी वाचण्याची विद्या लोप पावली होती. जेम्स प्रिन्सेप यांनी ती 1837 च्या सुमारास उलगडली. त्यामुळे शब्द त्याहून जुना असेल, तर ही कथा त्याला मागाहून जोडली गेली असावी. ‘मूढ’ शब्दाच्या शेवटीही हेच अक्षर आहे, तिकडेही माझे मन ओढ घेते. गिरनारच्या शिलालेखात अशोकाने सर्व पंथांच्या ‘सारवढी’ची, म्हणजे त्यांच्यातील साराच्या वाढीची, इच्छा व्यक्त केली आहे. त्या ‘वढी’त आणि आपल्या ‘वाढ’ शब्दातही ‘ढ’ आहे, हे आजोबांना सांगायला हवे होते असे फार वाटते.

तू हा शब्द वापरावास असा माझा आग्रह नाही. आजीच्या तोंडी तो आला तर तिच्यावर रुसू नकोस, एवढेच सांगणे. अक्षर मात्र नीट गिरव. आतली गाठ राहून गेली, की तुझा ‘ढ’ ‘ट’सारखा दिसतो.

तुझा,
बाबा