छत्तीस पाहुणे, तेरा घरं

वसईच्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्याकडे नाताळच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला छत्तीस माणसं जेवायला येणार आहेत. गेल्या वर्षी निघताना प्रत्येकाच्या हातात फराळाचा डबा दिला होता, त्यात रम केक, करंज्या, कलकल आणि मार्झिपान. शेजारच्या जैन कुटुंबानं तो न उघडताच वॉचमनला देऊन टाकला. मधुमेह असलेल्या मावशींनी रिक्षातच अर्धा संपवला आणि लेकीची बोलणी खाल्ली. यजमानांच्या सहकाऱ्याच्या मुलीला सीलिअ‍ॅकचा आजार, म्हणजे गहू अजिबात चालत नाही, ती डबा हातात धरून नुसती बसून राहिली. यंदा त्यात बहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी असल्याचं कळलंय.

म्हणून ताईंनी केक करणाऱ्या एका बाईंकडून ‘सगळ्यांना चालेल असा’ डबा ठरवत आणलाय. साखर नाही, मैदा नाही, अंडं नाही. एकाचे ६५० रुपये, छत्तीसचे २३,४००. पैसे क्रेडिट कार्डावर सहा हप्त्यांत द्यावेत, की लेकीच्या शिक्षणासाठी वीस महिने चालवलेली महिना तीन हजारांची आरडी (आवर्ती ठेव) मोडावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. घरखर्च भागून महिन्याला साडेसात हजार उरतात, आरडी त्यातूनच जाते.

ताई, आधी कार्डाचा हिशेब करू. तुम्ही कळवलेल्या १६ टक्के दरानं हप्ता साधारण ४,०८५ रुपयांचा बसतो. सहा महिन्यांत व्याज १,११० च्या आसपास, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी दोनशे, आणि १९९ रुपये प्रोसेसिंग फी, तिच्यावर पुन्हा जीएसटी. सगळं मिळून पंधराशे चाळीस-पन्नास जास्तीचे जातात. रक्कम मोठी नाही, हे मी मान्य करतो. मला खटकतो तो हप्ता. आरडी भरून तुमच्या हातात साडेचार हजार राहतात आणि हप्ता त्यातले चार हजार पंचाऐंशी घेऊन जातो. जानेवारी ते जून घरात महिन्याला चारशे पंधरा रुपयेच उरतील, आणि जूनमध्ये शाळा उघडते, पावसाआधी कौलं चाळायची असतात. तेव्हा एखाद्या महिन्यात ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून भागवलं जातं, आणि तिथं दर १६ टक्के राहत नाही. बहुतेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला तीन ते पावणेचार टक्के लागतात.

आरडी मोडणं कागदावर स्वस्त आहे, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल सल्लागार नेहमी एकच बाजू दाखवतो. मुदतीआधी मोडली की बऱ्याच बँका व्याजात एक टक्का कापतात. वीस महिन्यांच्या तुमच्या आरडीवर ते पाच-सव्वापाचशे रुपये होतात, म्हणजे कार्डाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. तरीही मी नको म्हणेन. साठ हजारांतले तेवीस फराळाला गेले की उरलेले सदतीस बचत खात्यात पडून राहतील, आणि बचत खात्यातले मोकळे पैसे होळीपर्यंत टिकलेले मी फारच कमी घरांत पाहिलेत. अगदीच नड असती तर त्याच आरडीवर कर्ज मिळतं का, हे बँकेत विचारा म्हटलं असतं. इथे नड नाहीये.

पण समजा पैसे कुणीतरी फुकट दिले, तरी तो डबा घेऊ नका असंच मी सांगेन. कारण तो सगळ्यांना चालत नाही.

मैदा काढला की त्याजागी काय घातलं, हे तुम्ही त्या बाईंना विचारलंत का? बिनमैद्याच्या केकमध्ये बहुतेक वेळा बदामाचं पीठ असतं. म्हणजे सहकाऱ्याच्या मुलीसाठी केलेली सोय तुमच्या भाच्याच्या जिवावर येऊ शकते. आणि मुलीसाठी तरी ती सोय खरी आहे का? एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानं ग्लुटेन-फ्री (ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन) म्हणवायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. नाताळच्या आठवड्यात ज्या स्वयंपाकघरात रात्रंदिवस मैदा उडतोय, तिथं एकाच भट्टीत आणि एकाच चाळणीनं हे कसं साधणार? मी त्या बाईंना खोटं म्हणत नाही, त्यांचा हेतू चांगलाच असेल. मावशींचं म्हणाल तर ‘शुगर-फ्री’ म्हणजे शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही, इतकाच अर्थ. पिठूळ पदार्थातलं पीठ तिथंच असतं, आणि ‘साखर नाही’ म्हटल्यावर मावशी एकाऐवजी चार तुकडे खातील, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. जैन शेजाऱ्यांना अंडं आणि रम नाही हे ठीक, पण त्यातल्या जेलीत जिलेटिन असेल तर तो डबा पुन्हा वॉचमनकडेच.

तेव्हा ६५० रुपये देऊन तुम्ही एकाच पदार्थात चार घरांची पथ्यं कोंबताय, आणि ती एकमेकांत अडकतायत. खाऊ ताटात राहू द्या. भेट म्हणून खायचा डबा नकोच.

आता तुमच्याच पत्रातला एक आकडा. माणसं छत्तीस आहेत, पण तुम्ही दिलेल्या यादीवरून मी घरं मोजली तर ती तेराच भरतात. नवरा-बायकोला दोन डबे, सासूबाईंना तिसरा, असं आपण दिवाळीत तरी कुठं करतो? घरटी एक भेट द्या. पोरं नऊ आहेत, त्यांना वेगळी चिमुकली वस्तू, ती पन्नासात होते.

घराला काय द्यायचं? घरामागे अजून थोडी वाडी राखली आहे असं तुम्ही लिहिलंय, तिथला गवती चहा विसरलात का? त्याचं एक मोठं बेट काढलं की दहा-पंधरा रोपं सहज सुटतात. अजून नोव्हेंबर आहे. या रविवारी मातीच्या छोट्या कुंड्यांत लावलीत तर नाताळपर्यंत नवी पात धरते. सोबत वाडीतला एक सोललेला नारळ, शेंडी ठेवून, तांबड्या फितीनं बांधलेला. नारळात मैदा नाही, अंडं नाही, आणि हिरवा ठिपका की तपकिरी त्रिकोण हे पाहायला लेबलच नाही. शेजारचे लोक श्रीफळ कधीच वॉचमनला देणार नाहीत. (शाल नसली तरी चालेल.) भाच्याच्या घरी मात्र नारळ देण्याआधी बहिणीला एकदा विचारा, काही मुलांना तोही सोसत नाही. कुंडी, एक मेणबत्ती, फीत आणि हातानं लिहिलेलं कार्ड धरून घरटी दीडशे. तेराचे १,९५०, पोरांचे ४५०. चोवीसशे झाले.

बाटली मसाल्याच्या (उन्हाळ्यात करून बाटल्यांत भरून ठेवतात तो मिश्र मसाला) छोट्या बाटल्या भरून द्याव्यात का, असंही तुम्ही एका ओळीत विचारलंय. मेमधला मसाला घरात आहे, खर्च शून्य, कल्पना मला फार आवडली. फक्त तुमच्या मसाल्यात भाजलेले गहू असतील, तर ती बाटली सहकाऱ्याच्या घरी जाऊ देऊ नका. बऱ्याच घरांत ते घालतातच, आणि वासाला कळत नाहीत. ताटातल्या पदार्थांनाही हेच लागू. डब्यातल्या हिंगातसुद्धा पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, मागची बारीक अक्षरं वाचून घ्या.

त्या मुलीसाठी एक गोष्ट कराच. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ, एवढ्यावर दोदोल हा गोड पदार्थ होतो. काजू घालू नका, म्हणजे भाचाही खाईल. मैद्याचं पातेलं बाहेर काढायच्या आदल्या दिवशी, घासलेल्या भांड्यात करा आणि वेगळ्या डब्यात झाकून ठेवा. करंज्या तळलेलं तेल त्याच्या जवळपासही नको. सगळं सामान सातशेच्या आत येईल. गेल्या वर्षी बघत बसलेल्या मुलीला यंदा डब्याचं झाकण तिच्या हातानं उघडू द्या.

म्हणजे सगळे मिळून ३,१०० रुपये. डिसेंबरच्या साडेचार हजारांतून ते निघतात, आरडी जागेवर राहते आणि कार्ड पाकिटात. पुढच्या वर्षी थोडा हात सैल सोडायचा असेल तर जानेवारीपासून आळीतल्या बायकांची महिना तीनशेची नाताळ भिशी लावा आणि नोव्हेंबरचा नंबर आधीच मागून ठेवा. अकरा महिन्यांचे ३,३०० होतात. अनोळखी माणसाच्या भिशीत मात्र पैसे घालू नका, आमच्या एका नातेवाइकांनी घातले होते आणि ती गोष्ट अजून संपलेली नाही.

आणखी एक, याला पैसे लागत नाहीत. शेजारचे जैन लोक चौविहार पाळत असतील तर सूर्यास्तानंतर ते पाणीही घेत नाहीत, मग साडेसातच्या जेवणाला तुम्ही कितीही बिनअंड्याचं केलंत तरी ते नुसते बसून राहतील. डिसेंबरअखेरीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यांना चारला बोलवा, गवती चहाच पाजा.