वावरात राबणाऱ्याला वजनाचा व्यायाम कशाला?

भाऊ, "दिवसभर वावरात राबतो, मग शुगरसाठी आणखी व्यायाम कशाला?" हा तुमच्या बाबांचा सवाल आमच्याही गावात रोज ऐकू येतो. राबणं खरंच आहे. पण डवरणी, निंदण, पराटीची वेचणी ही हंगामाची कामं. मे महिन्यात पारा 45 वर गेला की तेच हातपाय सावलीत पडून राहतात. आणि निंदताना कंबर मोडते, पण मांड्यांवर पडणारा भार काही वाढत नाही. सारी गोम त्या वाढत्या भारातच आहे.

जेवणानंतर रक्तातली साखर सर्वांत जास्त खेचतात ते स्नायू. जोर लावला की ते इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतात, आणि त्याचा असर साधारण दीड-दोन दिवस टिकतो. म्हणून वजनाचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मधे एखादा दिवस सोडून. चालणं चालूच ठेवायचं.

जिमसाठी तालुक्याला जायचं काही काम नाही. गोडेतेलाची 5 लिटरची रिकामी कॅन पाण्यानं भरली की झाले 5 किलो. जड गेली तर अर्धीच भरा. आधी नुसतंच खुर्चीवरून हात न टेकवता उठ-बस, 10-12 वेळा, दोन फेऱ्या. सोपं झालं की कॅन छातीशी धरून. मग भिंतीला हात लावून जोर. शेवटच्या दोन-तीन खेपा जड गेल्याच पाहिजेत. गप्पा मारत होत असेल तर तो टाइमपास. उठताना श्वास सोडायचा, दम कोंडला की बीपी चढतो. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायाला मुंग्या येत असतील तर अनवाणी नको.

एक गोष्ट हमखास घाबरवते. जोराच्या व्यायामानंतर लगेच मशीन लावलं तर शुगर कधी कधी वाढलेली दिसते. जोर लावताना अंगात सुटणाऱ्या ॲड्रेनॅलिन या हार्मोनमुळे लिव्हर साखर सोडतं, थोड्या वेळानं उतरते. तेवढ्यावरून "आपल्याला सोसत नाही" म्हणून सोडू नका; तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे सरासरी साखरेची रक्ततपासणी, करून बघा.

खरी काळजी शुगर उतरण्याची. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी अजिबात नको. मशीनवर 90 च्या खाली असेल तर आधी काही खा. घाम, थरथर, आकडा 70 च्या खाली आला की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. गोळी मनानं कमी करू नका. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फारशी नाही.

बाबांच्या गोळीच्या पट्टीवरचं नाव तेवढं लिहा, मग व्यायामाच्या वेळेचं बोलू.