“मी येतो” म्हणणारी मुलगी कादंबरीत चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत शिकवते. गेली तीन वर्षं सुट्टीत, रात्री, जमेल तसं लिहून एक कुमार कादंबरी पुरी केलीय, 38,000 शब्द झालेत. नायिका नववीतली आहे. वडील वारल्यावर घरचे तिची शाळा बंद करायला निघतात, म्हणून ती आजीच्या बटव्यातले पैसे चोरून बेळगावला मावशीकडं पळून जाते. कथा आत्ताचीच आहे. एका प्रकाशकांना पाठवली तर ते म्हणाले, भाषा प्रमाण करा, मुलगी “मी येतो” कशी म्हणेल, लोकांना छपाईची चूक वाटेल. वर 300 प्रती तुम्हीच विकत घ्या म्हणाले. आणि ओळखीतले म्हणतात, सीमाभागातली कादंबरी आहे तर सीमाप्रश्न पाहिजेच. काय करू?

उत्तर : ताई, पहिलं भाषेचं बोलूया कारण तुमच्या पत्रातलं तेच वाक्य वाचून मला रात्रभर चैन पडलं नाही. मी बेळगावच्या शहापुरात वाढले, आमच्या घरात आई, आत्या, मी, सगळ्याच “मी येतो, मी जेवलो, शाळेला जातो” असंच बोलायचो आणि अजून आईला फोन लावला की तोंडातनं “आलो की गे रविवारी” असंच येतं. ती चूक नाही, ती आमच्याकडच्या बायकांची बोली आहे, कोल्हापूरकडंही तशीच ऐकू येते. तुमची नायिका “मी येते” म्हणाली ना तर ती खानापूरची राहणारच नाही, आणि तुमच्या वर्गातल्या मुलींना पहिल्याच पानावर कळेल की ही आपली नव्हं. तर बदलू नका, अजिबात.

पण प्रकाशकांची अडचण खोटी नाही. पुण्याच्या किंवा नागपूरच्या पोराला पहिल्या ओळीत “येतो” वाचून नायक मुलगा आहे असं वाटेल, मग चौथ्या पानावर फ्रॉक आला की त्याचा गोंधळ होणार. तळटीप नको, प्रस्तावनेत बोलीवर भाषण तर नकोच. सुरुवातीच्या दोन-तीन ओळींतच कुणीतरी तिच्याबद्दल बोलू दे. आई चुलीपासनं हाक मारते, ही परसातनं ओरडते, “आलो की गे!”, आणि आई शेजारणीला म्हणते, “बघ, आलो म्हणते आणि अजून तिथंच बसलीय.” झालं, वाचकाचा कान लागला. निवेदन तृतीय पुरुषी असेल तर ते सोप्या प्रमाण मराठीत ठेवा आणि संवाद जसेच्या तसे. अक्का, आण्णा हे आपल्याकडचे शब्दही तसेच राहू देत, पुढंमागं प्रसंग नीट असला की पोरांना अर्थ आपोआप लागतो. आणखी एक, हस्तलिखिताला एक वेगळा कागद जोडा आणि त्यावर बोलीतले सगळे शब्द लिहून वर लिहा “हे बदलू नयेत”. माझ्या पहिल्या पुस्तकात मी हे केलं नव्हतं, प्रूफं तपासणाऱ्यांनी अगदी मन लावून सगळे “जातो” “जाते” केले आणि मला छापील प्रत हातात आल्यावर कळलं. त्या पानांकडं मी अजून बघू शकत नाही.

आता कथेतली एक गोष्ट, ही कुणी सांगितली की नाही माहीत नाही पण फार महत्त्वाची आहे. पोरगी बेळगावला जायला बटव्यातले पैसे का चोरते? 11 जून 2023 पासनं कर्नाटकात शक्ती योजना आहे, राज्यातल्या साध्या सरकारी बसला बायका-मुलींना तिकिटाचे पैसे लागत नाहीत, कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. कथा आत्ताची असेल तर खानापूर स्टँडवरची कुठलीही मुलगी हे वाचून म्हणणार, चोरी कशाला केलीस गे? तुमच्यापुढं दोन-तीन वाटा आहेत. एकतर कथा 2023 च्या आधी न्या. नाहीतर मावशीला कोल्हापूरला ठेवा, कारण ती सवलत राज्यापुरतीच, म्हणजे पैशांची गरज खरी होईल. मला स्वतःला तिसरी आवडते: पैसे चोरूच नका, आधार कार्ड चोरू दे. ते आईच्या ट्रंकेत, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं असेल आणि कार्ड काढताना तिच्या हाताला तो दाखला लागेल. मी कल्पना केली तेव्हा मलाच गलबलून आलं.

सीमाप्रश्नाचं म्हणाल तर पाहिजेच असं काही नाही, आणि टाळायलाच हवा असंही नाही. 1956 पासनंचा इतिहास एखाद्या मास्तरांच्या तोंडी दोन पानं घातला तर पोरं ती पानं उलटून पुढं जातील. चौदा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न कसा भेटतो ते बघा. बसची पाटी कानडीत, आजीला ती वाचून दाखवायची हिनं. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, काका निषेधाची काळी फीत बांधून सायकल फेरीला निघतात आणि त्याच दिवशी शाळेत राज्योत्सवाचा झेंडा. ती कुठं उभी राहते, कुणाकडं बघत नाही, एवढं आलं तरी खूप झालं. तेही कथेला लागत असेल तरच.

आणि पाठवायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचून दाखवा, पण स्वतःच्या वर्गाला नको, बाईंचं लिखाण म्हणून पोरी छानच म्हणणार. दुसऱ्या शाळेतल्या सात-आठ मुलींना बसवा आणि त्यांच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघा. मी आठवीच्या मुलींना वाचून दाखवलं होतं तेव्हा एक जण पाण्याच्या बाटलीचं टोपण उघड-बंद करायला लागली, मी तिथं पेन्सिलीनं खूण केली, आणि घरी येऊन बघते तर बरोबर तिथंच मी आजोबांच्या तोंडून उपदेश सुरू केला होता. दीड पान काढून टाकलं. शिक्षकी पेशातल्या आपल्या सगळ्यांना ही सवय असते, मूल चुकलं की लगेच कुणी मोठं माणूस येऊन समजावतं. तुमच्या कादंबरीत पोरीला तिचं तिला उमजू दे, मोठ्यांना जरा लांब ठेवा.

आता पैशांचं. पुस्तकाची किंमत 200 रुपये धरली तर 300 प्रतींचे छापील किमतीनं 60,000 होतात. प्रकाशक सवलत देतील, तरी रक्कम मोठीच. याला फसवणूक म्हणणार नाही, बरीच पुस्तकं अशी निघतात, पण मग प्रकाशनाचा खर्च तुम्ही करताय हे स्पष्ट समजून घ्या आणि त्या 300 प्रती कुठं खपवणार ते आधी ठरवा. त्यापेक्षा मी म्हणेन, आधी तीन-चार ठिकाणी पाठवा, सोबत एका पानाचा सारांश, पहिली तीन प्रकरणं, वाचकाचा वयोगट. फाइल युनिकोडमध्ये पाठवा म्हणजे अक्षरं फुटणार नाहीत. पानाला 250 शब्द धरले तर तुमची 152 पानं, सुरुवातीची आठ धरून 160, म्हणजे सोळा पानांचे बरोब्बर दहा फॉर्म. छापणाऱ्याच्या दृष्टीनं हे सोयीचं माप आहे, उगाच वाढवू नका. स्वतःच काढायचं ठरलं तर डिजिटल छपाईत पन्नास-शंभर प्रतीही निघतात.

करार लेखीच करा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणून मुदत, रॉयल्टी आणि ऑडिओ, अनुवाद, वेबसिरीज हे हक्क कुणाकडं ते नीट वाचा. “सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे” असं दिसलं तर सही करू नका. दहा टक्के रॉयल्टी आणि 500 प्रती खपल्या असं धरलं तर हातात 10,000 येतील, म्हणजे यातनं घर चालणार नाही, पण हिशेब दरवर्षी मागायचा, लाजायचं नाही. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासनं तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडनं फुकट मिळतो, स्वतः काढणाऱ्या लेखकालाही. त्याचे कुणी हजारो रुपये मागितले तर देऊ नका.

पुढचा खर्डा झाला की ती ट्रंकेची जागा मला नक्की पाठवा.

प्रश्न : मी निपाणीचा, वय 17. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या आईच्या मुलावर कादंबरी लिहितोय. या वयात प्रकाशक करार करतील का?

उत्तर : कॉपीराइट तुझाच, त्याला वयाची अट नाही. पण 18 पुरी होईपर्यंत तुला स्वतः करार करता येत नाही, तो पालकांच्या सहीनं होईल, म्हणून आईला आधी वाचून दाखव, सगळी. वखारीत तंबाखूच्या धुरळ्यानं येणारा खोकला, संध्याकाळी हातांना येणारा वास, हे तिच्याइतकं तुला दुसरं कुणी सांगणार नाही. दरम्यान एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून ‘किशोर’ला पाठव, बालभारतीचं हे मासिक 1971 पासनं चालू आहे. दिवाळी अंकांसाठी जून-जुलैतच पाठवायचं, ऑक्टोबरात काही होत नाही. आणि कारदगा गावात भरणारं साहित्य संमेलन तुझ्या जवळच आहे, तिथं जाऊन बस, जेवणाच्या पंगतीत लिहिणारी माणसं भेटतात, त्यांना पहिली दहा पानं वाचायला दे.