एका घरात चार प्लाझ्मा

"मॅडम नमस्कार, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, ए ग्रुप, बायो घेतलं नाहीये. ती म्हणते मला प्लाझ्मामधे करिअर करायचंय. माझी नणंद ब्लड बँकेत टेक्निशियन आहे, ती म्हणते बायो नाही तर प्लाझ्माचं काय करणार ही? आमचे मिस्टर मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेशनच्या युनिटमधे सुपरवायझर आहेत, ते म्हणतात प्लाझ्मा म्हणजे पत्रे कापणं, ते काय मुलीचं काम आहे का. सासूबाईंना वाटतंय टीव्हीचं काहीतरी आहे. त्यात एका क्लासवाल्याने प्लाझ्मा टेक्नॉलॉजीचा सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय, फी 45,000. काय करू?"

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसले, सॉरी, पण खरंच सांगते तुमच्या घरात कुणीच चुकीचं बोलत नाहीये, चौघं चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत आणि शब्द एकच आहे एवढाच घोळ आहे.

मूळ शब्द ग्रीक, अर्थ घडवलेली, साच्यात ओतलेली वस्तू. प्लॅस्टिक, प्लास्टर हे सगळे त्याच घरातले. 1839 मधे पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने पेशीतल्या जिवंत द्रव्याला प्रोटोप्लाझ्म म्हटलं, मग डॉक्टर लोकांनी रक्तातल्या पिवळसर पाण्यासारख्या भागाला प्लाझ्मा म्हणायला सुरुवात केली. तो तुमच्या नणंदबाईंचा प्लाझ्मा. रक्तात साधारण 55 टक्के तोच असतो आणि त्यातही नव्वद टक्क्यांच्या वर नुसतं पाणी, बाकी अल्ब्युमिन, रक्त गोठवणारी प्रोटीन्स वगैरे. त्या रोज तो वेगळा काढून उणे 30 डिग्रीच्या खाली ठेवत असतील, म्हणजे त्यांना दुसरा प्लाझ्मा सुचणारच नाही, साहजिक आहे. त्या लाइनला जायचं तर बायो लागतंच, तेवढं त्यांचं अगदी बरोबर.

आता गंमत बघा. 1928 मधे अमेरिकेत लँगम्यूर नावाचा माणूस काचेच्या नळीत विरळ गॅस भरून त्यातून वीज सोडत होता, म्हणजे आपल्या ट्यूबलाइटमधे होतं तसंच, अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सगळा गॅस विजेला प्रतिसाद द्यायला लागतो. त्याला नाव काय द्यावं? तर त्याच्या एका सहकाऱ्याने नंतर लिहून ठेवलंय की हा गॅस इलेक्ट्रॉन आणि आयन (म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून गेलेले अणू) जसे वाहून नेतो ते बघून लँगम्यूरला रक्तातला प्लाझ्मा पेशी वाहून नेतो त्याची आठवण झाली, आणि नाव पडलं प्लाझ्मा. म्हणजे आत्याचा शब्द उसना घेऊन भाचीचा शब्द झालाय! (हे नणंदबाईंना जरूर सांगा, वातावरण जरा निवळेल.) आपल्या मराठी विश्वकोशवाल्यांनी हा घोळ होऊच दिला नाही, रक्तातल्याला रक्तद्रव आणि फिजिक्समधल्याला आयनद्रायू असे दोन वेगळे शब्द केले. द्रव आणि वायू मिळून द्रायू. मला तर फार आवडतो हा शब्द, पण कॉलेजात कुणी वापरत नाही, काय करणार.

मुलगी ए ग्रुपची आहे म्हणजे ती बहुतेक हाच दुसरा प्लाझ्मा म्हणतेय. सूर्य त्याचाच, वीज चमकते ती त्याचीच. तुमच्या मिस्टरांच्या युनिटमधे पत्रा कापतात तोही हाच, बारीक नॉझलमधून गॅस आणि आर्क एकत्र सोडतात, तापमान 20,000 डिग्रीच्या आसपास जातं आणि लोखंड लोण्यासारखं वितळून उडून जातं. सासूबाईंच्या प्लाझ्मा टीव्हीतही हाच होता, पडद्याच्या आत निऑन-झेनॉनचे छोटे छोटे कप्पे असायचे. ते टीव्ही आता कुणी बनवत नाही, तेव्हा त्या लाइनचा विषयच संपला.

आणि ज्याच्यासाठी तिच्या डोक्यात हे शिरलं असणार ते म्हणजे फ्यूजन, हलके अणू एकमेकांत जोडून ऊर्जा मिळवणं. सूर्याच्या पोटात जे चालतं ते इथे मशीनमधे करायचं. आणि हे काम कुठे चालतं तर आपल्यापासून अडीच-तीन तासांवर, गांधीनगरजवळ भाट गावात, इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च, लोक आयपीआर म्हणतात. आदित्य नावाचं टोकामॅक, म्हणजे तापलेला प्लाझ्मा चुंबकांच्या जोरावर धरून ठेवणारं मशीन, तिथे 1989 मधे सुरू झालं, देशात बांधलेलं पहिलं. फ्रान्समधे आयटर नावाचा प्रचंड मोठा प्रकल्प उभा राहतोय, भारत त्यातल्या सात भागीदारांपैकी एक आहे आणि आपल्या वाट्याचं काम या आयपीआरमार्फतच चालतं. आयटरचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या मशीनला बाहेरून झाकणारं ते अवाढव्य स्टीलचं भांडं, त्याचे भाग सुरतजवळ हजिऱ्याला बनून बोटीने गेले. तेव्हा मिस्टरांना सांगा, तुम्ही ज्याला फॅब्रिकेशन म्हणता ना, त्यातलं जगातलं एक सगळ्यात अवघड काम याच प्लाझ्मासाठी झालंय. आणि मुलीचं काम नाही वगैरे प्लीज घरात बोलू नका, ती ऐकत असते.

आता रस्ता. प्लाझ्मा नावाची डिग्री बारावीनंतर शोधत बसू नका. सायंटिस्ट व्हायचं तर बीएस्सी फिजिक्स, आपल्या एमएस युनिव्हर्सिटीत होतं, घर सोडायची गरज नाही, मग एमएस्सी, मग जेस्टसारखी परीक्षा देऊन पीएचडी. लांबचा रस्ता आहे, आठ-दहा वर्षं धरूनच चाला, आणि मधे पगाराचं सुख नसतं, स्टायपेंड असतो. दुसरा रस्ता इंजिनिअरिंग, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स, कारण टोकामॅकला फक्त समीकरणं सोडवणारे चालत नाहीत, व्हॅक्यूम, मॅग्नेट, अतिथंड हेलियम, पॉवर सप्लाय बघणारे पण लागतात. आणि हे इंजिनिअरिंग फुकट जात नाही, फ्यूजनमधे नाही जमलं तरी चिप बनवताना सिलिकॉनवरची बारीक नक्षी प्लाझ्मानेच कोरतात आणि धोलेऱ्याला चिपचा कारखाना होतोय. माझं मत विचाराल तर गणित आवडीने करत असेल तर बीएस्सी, आणि पंखा-मिक्सर उघडून बसणारी असेल तर इंजिनिअरिंग, गुजकेटचा, म्हणजे गुजरातच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, फॉर्म मात्र दोन्ही केसमधे भरून ठेवा.

तो 45,000चा कोर्स. आधी सिलॅबस मागा, लेखी. त्यात प्लाझ्मा कटिंग असेल तर ते मशीन बाबांच्या युनिटमधे आहेच की. रक्ताचं असेल तर आत्या घरात आहे. दोन्ही थोडं थोडं असेल तर समजा की बनवणाऱ्यालाच माहीत नाही तो कुठला प्लाझ्मा शिकवतोय. मी तरी पैसे भरणार नाही.

एक करा, येत्या सुट्टीत मिस्टरांना सांगा की तिला एकदा युनिटवर न्या आणि कटिंग चालू असताना दाखवा, नॉझलच्या टोकाशी तो निळसर झोत दिसतो ना तेवढाच बघायचाय. तिला विचारू दे त्यांना की गॅस कुठला, प्रेशर किती, करंट किती. त्यांना सगळं पाठ असणार आणि हिला ते पुस्तकात सापडणार नाही. फक्त काळ्या काचेशिवाय बघू देऊ नका हां.