आठवीतल्या मुलीसाठी लॅपटॉप: ४८ हजारांचा नवा की १९ हजारांचा जुना?

प्रश्न: आम्ही मिरजेत दोन खोल्यांत राहतो. मी एका दुकानात हिशेब बघतो, बायको घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिना ३४,००० येतात. ३,००० आरडीत, १,००० सुकन्यात आणि २,००० भिशीत जातात. भिशी जानेवारीत लागेल, २४,००० मिळतील. अडीअडचणीला खात्यात ५५,००० आहेत. मुलगी आठवीत आहे, तिला कॉम्प्युटर हवाय. नवा लॅपटॉप ४८,००० ला, बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळतोय. मेहुणा त्याचा जुना आय-सेव्हन लॅपटॉप १४,००० ला देतो म्हणतो. सांगलीत एका दुकानात कंपनीतून आलेला रिफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून पुन्हा विकायला काढलेला) आय-फाइव्ह १९,५०० ला आहे. काय करावं?

उत्तर: नवा घेऊ नका. मेहुण्यांचा तर नकोच. सांगलीचा घ्या, पण जानेवारीत.

आधी ईएमआयचं बघू. महिन्याला चार हजार भरायचे तर आरडी बंद करावी लागेल, हे तुमच्या आकड्यांवरून दिसतंच आहे. शिवाय बँक व्याज लावतेच. तेवढी सूट आधी किमतीत दाखवतात, म्हणून ‘नो-कॉस्ट’. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी. साधारण १५-१६ टक्के दर धरला तर हे आठ-नऊशे रुपये होतात. रोख दिले तर किती कमी कराल, हे विचारून बघा. दुकानदार गप्प बसत नाही.

हे हजारभर रुपये मी एकवेळ सोडून देईन. खरा प्रश्न पुढचा आहे. आज घेतलेला नवा लॅपटॉप ती बारावी होऊन कॉलेजात जाईल तेव्हा जवळपास पाच वर्षांचा झालेला असेल. बॅटरी बसलेली असेल आणि कोर्सला काय लागतं ते तेव्हाच कळेल. म्हणजे तेव्हा पुन्हा खरेदी आहेच. आत्ता तिला टायपिंग, एक्सेल, प्रोजेक्ट आणि थोडं कोडिंग शिकायचंय. त्याला ४८ हजारांचं मशीन लागत नाही. त्यापेक्षा भिशी संपली की त्या दोन हजारांतले एक हजार वेगळ्या आरडीत टाका. साडेसहा टक्क्यांनी धरलं तरी चार वर्षांत ५४ हजारांच्या आसपास जमतात. कॉलेजचा लॅपटॉप त्यातून, रोखीनं.

आता मेहुण्यांचा आय-सेव्हन. तुम्ही पाठवलेल्या फोटोत प्रोसेसरचं, म्हणजे मुख्य चिपचं, मॉडेल दिसतंय: ४६००यू. पहिला आकडा चार, म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. ‘सेव्हन’ ऐकून माणूस भुलतो. पण आठव्या पिढीचा आय-फाइव्ह याच्यापेक्षा सरस चालतो. मेहुण्यांच्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली टाकून चालवता येईल, पण त्यासाठी १४,००० कशाला? आणि नात्यातल्या मशीनला ना बिल ना वॉरंटी. बिघडलं तर पैसेही जातात आणि दिवाळीला बोलणंही. ‘शाळेत विंडोज ११ लागतं’ एवढं सांगून विषय मिटवा.

खरं तर अशा वेळी मी डेस्कटॉप सुचवतो. स्क्रीन मोठी, दुरुस्ती स्वस्त आणि पोरं काय बघतात ते घरच्यांना दिसतं. पण दोन खोल्यांत शिलाई मशीनच्या शेजारी टेबल, वर यूपीएस, हे तुमच्याकडे जमणार नाही. म्हणून लॅपटॉप.

सांगलीच्या दुकानात जाताना घाई करू नका. ‘आय-फाइव्ह’ एवढ्यावर ऐकू नका. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचा नंबर वाचा. ८२५०यू किंवा ८३५०यू असेल तर चांगलं, ६३००यू किंवा ७२००यू असेल तर परत फिरा. रॅम आठ जीबी आणि एसएसडी हवीच. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर मशीन सुरू होईपर्यंत चहा होतो.

विंडोजचा बॅटरी रिपोर्ट समोर काढायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. मूळ ६०,००० आणि आत्ता ३४,००० मिलिवॉट-अवर (mWh) दिसले तर नवी बॅटरी टाकून द्या म्हणा, नाहीतर किंमत उतरवा. बहुतेक दुकानांत बॅटरी आणि चार्जर वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून हे पैसे देण्याआधीच बोलायचं.

मग मशीन तुमच्यासमोर रिसेट करून फोनच्या हॉटस्पॉटला जोडायला लावा. सुरुवातीच्या स्क्रीनवर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचाच ईमेल-पासवर्ड मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात नोंदलेलं आहे. दुकानदार ‘करून देतो साहेब’ म्हणेल. घेऊ नका. बायोसला (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड असेल तरीही तेच. नोटपॅड उघडून मुलीला सगळी बटणं दाबून बघू दे, तिला तेवढीच मजा. झाकण दोन-चार वेळा उघडमीट करा. बिजागरी सैल असेल तर पुढे स्क्रीनची वायर तुटते.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून. तोंडी सहा महिने म्हणजे काहीच नाही. दुकानदार ‘ऑफिस टाकून देतो’ म्हणेल ते चोरीचं असतं. लिबरऑफिस फुकट मिळतं आणि तिच्या कामाला पुरतं. अँटिव्हायरसही वेगळा विकत घ्यायची गरज नाही, विंडोजमधला पुरे.

खात्यातल्या ५५,००० ला हात लावू नका, ते जेमतेम दोन महिन्यांचा खर्च आहे. सुकन्याही चालू राहू दे. भिशीच्या २४,००० मधून २२,००० ची मर्यादा ठेवा: १९,५०० मशीनचे, उरलेले बॅटरी, माऊस आणि बॅगसाठी. तोवर शाळेच्या लॅबवर भागेल. दरम्यान आणखी दोन दुकानांत भाव काढा. सांगलीवाला हजारभर तरी खाली येईल असं मला वाटतं.