हंटर व्हॅलीच्या कोळसा खाणीत यायचं ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत हायड्रॉलिक पंप-सिलिंडरच्या दुरुस्तीचा अनुभव आहे, ऑस्ट्रेलियातल्या हंटर व्हॅलीत एका खुल्या कोळसा खाणीत फिटर म्हणून बोलावणं आलंय, तर बायको आणि चौथीतला मुलगा यांना घेऊन यावं का. व्हिसाचे प्रकार, फी, मेडिकल हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी सोडतो. मी खाणीबद्दल लिहितो. तुमची नोकरी किती वर्षं टिकणार, घर घ्यायचं की भाड्याने राहायचं, मुलाची शाळा मध्येच सुटणार का, हे जमिनीखालचे थर ठरवतात. एजंट पगार सांगतात, थरांबद्दल कुणी बोलत नाही. त्याचा मला अजून राग येतो.

आपल्याकडे खाण म्हणजे जांभ्याचे चिरे नाहीतर खडीची क्वारी. तिथे निघतो तोच दगड विकला जातो. कोळशाच्या खाणीत दगड टाकाऊ. एक टन कोळशामागे पाच-सहा घनमीटर, कधी त्याहून जास्त दगड हलवावा लागतो. घनमीटरला साधारण २.४ टन धरा, म्हणजे टनभर कोळशासाठी बारा ते चौदा टन दगड. या प्रमाणाला स्ट्रिप रेशो म्हणतात. थर सहसा तिरपे उतरत जातात, त्यामुळे खाण पुढे सरकते तसा वरचा दगड, म्हणजे ओव्हरबर्डन, जाड होतो आणि रेशो चढतो. एक दिवस डिझेल, टायर आणि पगाराचा खर्च कोळशाच्या भावाच्या वर जातो. कोळसा खाली असतानाच खाण बंद होते. म्हणून मुलाखतीत बिनधास्त विचारा: आत्ताचा रेशो किती, पुढच्या पाच वर्षांत किती होणार, आणि सरकारी परवानगी कोणत्या सालापर्यंत आहे.

इथला कोळसा पर्मियन काळातला, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा दगड त्यापुढे बराच तरुण, साडेसहा कोटींच्या आसपासचा. पर्मियन काळात भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच गोंडवन भूमीत होते, दोन्हीकडच्या कोळशात ग्लॉसोप्टेरिस झाडाची पानं सापडतात. पण भारतातल्या बऱ्याच कोळशात माती-खनिजं इतकी बारीक मिसळलेली असतात की राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के येतं आणि धुऊनही ती नीट सुटत नाही. इथल्या कोळशातला दगड बराचसा वेगळ्या पट्ट्यांत असतो, धुतल्यावर राख १२-१४ टक्क्यांवर येते. न्यूकॅसल बंदरातून निघणाऱ्या किलोला ६,००० किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या कोळशाचा भाव आशियात मापदंड मानतात, तो त्यामुळेच.

एकाच खड्ड्यात दहाहून जास्त थर असू शकतात. काही चार-पाच मीटरचे, काही हातभर. मध्ये वालुकाश्म आणि ज्वालामुखीच्या राखेचे पट्टे. ती राख भिजली की साबणासारखी निसरडी होते. टाकलेल्या दगडाचा ढिगारा अशा तळावर बसला आणि पाऊस लागला, की अख्खा ढीग खड्ड्याच्या दिशेने घसरू शकतो. समोरच्या उभ्या कड्यावर, म्हणजे हायवॉलवर, रडार लावलेलं असतं, ते मिलिमीटरची हालचाल टिपतं. रडारचा इशारा आला की शॉव्हेल, म्हणजे दगड भरणारं मोठं यंत्र, अर्धवट सोडूनही माणसं बाहेर काढतात. तुमचं काम कितीही राहिलेलं असो, तेव्हा निघायचं.

कामाचा क्रम असा. आधी वरची सुपीक माती काढून दोन-तीन मीटरपेक्षा उंच नाही अशा ढिगात ठेवतात, उंच ढिगात तिच्यातला जीव मरतो. मग ड्रिल २००-२७० मिलिमीटर व्यासाची भोकं पाडतं. कोरड्या भोकात स्फोटक म्हणून अमोनियम नायट्रेट ९४ टक्के आणि डिझेल ६ टक्के, ओल्यात पाण्यात टिकणारं घट्ट स्फोटक, म्हणजे इमल्शन, वर बारीक खडी ठासायची. पाणी लागलेल्या भोकात चुकीचं मिश्रण गेलं की नारिंगी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड, फुप्फुसांना घातक आणि त्रास काही तासांनीही उमटतो. त्यामुळे वारा गावाकडे असेल तर स्फोट पुढे ढकलतात. गावातल्या घरांपाशी हादरा सेकंदाला ५ मिलिमीटर आणि आवाज ११५ डेसिबल या मर्यादा बहुतेक स्फोटांना पाळाव्या लागतात.

मग शॉव्हेल आणि डंपर. २९० टनी डंपर चार-पाच बकेटांत भरतो. रॅम्पचा चढ दहाला एक, रस्ता मोठ्या डंपरच्या साडेतीन पट रुंद, कडेचा बांध चाकाच्या निम्म्या उंचीचा. कोळशाचा थर उघडा पडला की खरं कौशल्य डोझरवाल्याचं. एक मीटर जाड थराबरोबर दहा सेंटिमीटर दगड खरवडून आला, तर वजनात तो १४-१५ टक्के होतो, कारण दगड कोळशाच्या पावणेदोन पट जड. तोच दगड मग वॉशरीत, म्हणजे कोळसा धुण्याच्या कारखान्यात, मॅग्नेटाइट या लोहखनिजाची पूड मिसळलेल्या जड पाण्यातून वेगळा काढावा लागतो: कोळसा तरंगतो, दगड बुडतो, आणि मॅग्नेटाइट चुंबकाच्या ड्रमने परत मिळवतात. धुतलेला कोळसा आठ-नऊ हजार टनांच्या गाड्यांतून बंदरावर.

आता तुमचं काम. दाब ३०० बारच्या आसपास, हे तुम्हाला नवीन नाही. पण उद्यमबागेत टेस्ट बेंचवर स्वच्छ जागी बसून जे करता, ते इथे धुळीत, रात्री, बारा तासांच्या पाळीत. चार गोष्टी डोक्यात पक्क्या करा. सुईएवढ्या छिद्रातून उडणाऱ्या तेलासमोर हात कधीच नाही. तेल कातडीत शिरलं तर वर टोचल्यासारखा ठिपका दिसतो, आतून बोट सडतं. काही तासांत शस्त्रक्रिया लागते. गळती पुठ्ठ्याने शोधा. दुसरं, इंजिन बंद म्हणजे दाब गेला असं नाही. स्टिअरिंग आणि ब्रेकच्या दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजन दाबून बसलेला असतो. आपलं कुलूप लावा, गेज लावून शून्य वाचा, डंपरची बॉडी वर असेल तर पिन घाला, मगच पाना उचला. तिसरं, फुटलेल्या होजचं तेल इंजिनच्या तापलेल्या टर्बोवर उडालं की आग लागते. म्हणून होजचं रूटिंग आणि क्लॅम्प ही किरकोळ बाब नाही, घासलेली होज बदलाच. चौथं, डंपरवर वीज पडली किंवा ब्रेक तापून चाकातून धूर आला, तर टायर आतून जळत राहून नंतर फुटतो. ३०० मीटर लांब राहा, २४ तास जवळ जाऊ नका. कुणी सुपरवायझर घाई करत असला तरी.

धूळ, आपोआप पेटणारे कोळशाचे ढीग, खारं पाणी हे इथे रोजचंच. खाणीतलं खारं पाणी नदी भरून वाहत असतानाच आणि ठरलेल्या वाट्याइतकंच सोडता येतं.

खाणीच्या शेवटाची तारीखही बघून ठेवा. इथलं कोळशावरचं लिडेल वीजकेंद्र एप्रिल २०२३ मध्ये बंद झालं. १९०७ पासून चालू असलेली मसलब्रूक कोल ही खाण २०२२ मध्ये थांबली. माउंट आर्थर खाण २०३० पर्यंत बंद करायचं तिच्या मालक कंपनीने, बीएचपीने, जाहीर केलंय. ज्या खाणीचं बोलावणं आहे तिची परवानगी आठ वर्षांपेक्षा कमी उरली असेल, तर घरकर्ज काढू नका. माझं हे मत कडक आहे, पण त्यावर मी ठाम आहे.

कागदांचा विषय निघाला की माझं डोकं अजून तापतं. आपले जन्मदाखले कन्नडमध्ये, जुन्या कागदांवर बेळगाव, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्यांवर बेळगावी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक दाखल्यावर वेगळं. पलीकडचा अधिकारी विचारतो की ही दोन गावं कोणती, आणि आपण सीमाभागाचा इतिहास एका प्रतिज्ञापत्रात बसवत बसतो. एकदाच नोटरीकडून नावांचं आणि गावाचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, सगळ्या कागदांचं इंग्रजी भाषांतर एकाच माणसाकडून. त्याहून मोठी अडचण अनुभवपत्राची. आपले शॉपमालक 'फिटर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली' एवढंच लिहून देतात. ते इथे चालत नाही. कोणते पंप, किती बार, सिलिंडरचे बोअर, आठवड्याचे तास, तारखा, असं दोन पानी पत्र लेटरहेडवर हवं. पगार रोख मिळत असेल तर आजपासून बँकेत घ्यायला लागा.

एकटेपणा असतो. बारा तासांची पाळी आणि झोप यात बराचसा निघून जातो, त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

मुलांच्या शाळेचं मात्र मनात राहिलंय. माझी मुलगी घरी मराठी, गल्लीत कन्नड, टीव्हीवरून हिंदी असं सहज करायची, गणितात वर्गाच्या पुढे होती. इथल्या शाळेत इंग्रजी कच्चं म्हणून तिला गणितालाही खालच्या गटात बसवलं. वर्षभराच्या प्रगतिपुस्तकात शेरा एकच: शांत मुलगी. ती शांत नव्हती. आता ती फाडफाड बोलते, मराठी वाचत नाही, आणि या दोन्हींचं काय मानायचं ते मला ठरवता येत नाही.

म्हणून सांगतो, इथलं शालेय वर्ष जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होतं. जूनमध्ये आणलंत तर मुलगा भरल्या वर्गात मधेच शिरेल. तुम्ही आधी या, पाळी आणि घर बसवा, वहिनी आणि तो डिसेंबरच्या शेवटी येऊ देत. पहिल्याच आठवड्यात त्याची गणिताची वही घेऊन शिक्षकांना भेटा, आणि गणिताचा गट वेगळा ठरवायला लावा. ते स्वतःहून करत नाहीत.