पुण्यात एकचाकी सायकल शिकायची आहे. पहिली कोणती घ्यावी?
20 इंची चाकाचीच घ्या. 24 इंची वेगाला बरी, पण शिकताना आवरत नाही. शेजारी उभी केल्यावर सीट साधारण बेंबीपर्यंत यावी. जोडताना क्रँकवरचे, म्हणजे पेडल बसतं त्या दांड्यावरचे, एल (डावा) आणि आर (उजवा) बघाच: डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, अदलाबदल झाली तर पेडल सुटतं आणि क्रँकचे आटे जातात.

सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर चाक अडखळतं. बास्केटबॉल कोर्टाची जाळी धरून सुरुवात करा. एक पेडल मागे, किंचित खाली ठेवा. सीटवर बसून ते दाबलं की चाक मागे सरकत बुडाखाली येतं. भार सीटवरच हवा. पायांवर घेतला तर एक पेडल वर, एक खाली असताना चाक तिथेच अडतं. बहुतेक जण इथेच पडतात. नजर समोर ठेवा, चाकाकडे नको. तोल गेला तर सायकल सोडून पुढे उतरा.